वीस वॅटचं ऊन

लिंबायत, सुरत
८ जुलै २०२५

चि. जयंत आणि चि. सौ. गौरी यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

अमळनेरच्या माझ्या माणसांनो, ज्या घरातल्या आईला विधवा म्हणून पोटच्या मुलीच्या लग्नात भांडारघरात गव्हाच्या पोत्यावर बसवून ठेवलं होतं, त्या घरातल्या तुम्हा-आम्हा सगळ्यांसाठी हे पत्र आहे. लग्न माझं होतं. अक्षता पडत होत्या आणि मी मान वळवून वळवून आईला शोधत होते, तर मामी दटावत होत्या की नवरीने मान खाली ठेवावी. जयंता, तू बारा वर्षांचा होतास आणि तिच्याजवळ बसून बुंदीचे लाडू खात होतास, म्हणून तुला तो दिवस गोड आठवतो. मला तसा आठवत नाही. तेव्हा आपण बोललो नाही, कारण आपल्याला कुणी विचारलं नाही. आताही मला कुणी विचारलेलं नाही, पण या वेळी मी बोलणार आहे.

बातमी अशी की आमच्या बिल्डिंगच्या चौकातली तुळस मरायला टेकली आहे, आणि तिच्या मरणाचा आळ वर्षावर आला आहे. माझ्या समोरच्या खोलीत राहते, साड्यांवर खडे चिकटवण्याचं काम घरी आणते, तीच वर्षा. दोन वर्षांपूर्वी तू आला होतास तेव्हा तिच्या हातची कढी तू पुन्हा पुन्हा मागून घेतलीस आणि गौरीला तिथेच टोमणा मारलास. तिचा नवरा इच्छापोरला कारखान्यात होता. फेब्रुवारीत हजिरा रोडवर अपघातात गेला. चौकातली तुळस लग्न होऊन आल्यापासून वर्षाच बघायची. सगळं आटोपल्यावर ती सवयीने तांब्या घेऊन खाली उतरली, तर बिल्डिंगीतल्या सरलाबाईंनी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला.

सरलाबाई वाईट बाई नाही. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी हिनेच मला दोन्ही वेळा भाकरी आणून दिली. म्हणूनच भांडण अवघड आहे. वाईट माणसाशी भांडायला फारशी अक्कल लागत नाही.

जूनमध्ये एका पहाटे वर्षाने गुपचूप पाणी घातलं. कुणीतरी पाहिलं. पुढच्या आठवड्यात तुळशीची पानं पिवळी पडून गळू लागली आणि निकाल लागला. आता ठरलंय की तुळशीच्या लग्नाला नवी तुळस आणायची आणि तिला फक्त सवाष्णींनी पाणी घालायचं. मी सरलाबाईंना विचारलं की मीही विधवाच, माझ्या हातच्या पाण्याचं काय. तर म्हणाल्या, तुमचं वेगळं, तुम्ही मास्तरीण. ऐकलंस? पेन्शन असलेली विधवा बाई होते आणि खडे चिकटवणारी अपशकुनी.

वर्षाचा भाऊ वाल्मिक दोंडाईचाला असतो. तुळशीचं लग्न झालं की तो तिला कायमची घेऊन जाणार आहे. तिला जायचं नाही. खोली तिची आहे, काम तिचं आहे. तिथे गेली की भावजयीच्या हाताखाली भांडी. पण परवा ती मला म्हणाली की बाई, जिला मी लेकीसारखी वाढवली त्या तुळशीलाच मी नको असेन, तर बिल्डिंगीला कशी हवी असेन.

त्यावर मी खाली गेले आणि भाषण केलं. तुला माहीत आहे, मला भाषण केल्याशिवाय जिना उतरता येत नाही. मी सांगितलं की हीच तुळस, हिरवीगार, कार्तिकी द्वादशीला वर्षाच्या हातून या चौकात येईल. मग लोटूभाऊंनी (सरलाबाईंचे यजमान, रिक्षा चालवतात) कुंडी उचलून वर माझ्या घरात आणून दिली.

भाषण झालं. आता तुळस राहिली. माझ्या मते खरी भानगड उन्हाची आहे. दक्षिणेला एम्ब्रॉयडरीचं सात मजली खातं (इथे कारखान्याला खातं म्हणतात) उभं राहिलंय. तेव्हापासून आमच्या चौकात ऊन दुपारी येतं, पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, आणि दोन घास खाऊन उठतं. माझ्या घरातही तेच. म्हणून मी झाडांसाठीचा खास दिवा आणलाय. जांभळा आहे. दुकानदार म्हणाला की बेन, झाडाला हाच लागतो. पंख्याच्या हुकाला टांगलाय. सगळी खोली उजळते.

तू जन्मभर पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलंस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ते कानातलं यंत्र तू डबीत ठेवतोस, तेव्हा लिही. मला झाडांमधलं चौथीच्या पुस्तकापुरतंच कळतं.

लोभ असू दे. नसला तरी पत्र असू दे.

तुझी ताई
सुनंदा

*

अमळनेर
१७ जुलै २०२५

ती. सुनंदाताईस, जयंताचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. गौरीने ते मोठ्याने वाचलं, मग मी ते मनात वाचलं, कारण तिचं मोठ्याने वाचणं मला ऐकू आलं नाही. कढीचा उल्लेख तू मुद्दाम केलास. दोन दिवस मला वरणच मिळतंय.

आता तुझी तपासणी. पहिला प्रश्न, गच्ची कुठे गेली? सुरतेत उन्हाला तोटा नाही. कुंडी गच्चीवर ठेवली तर दिवा, हुक, भाषण, सगळंच वाचेल.

दुसरं. खोली उजळते म्हणतेस, पण तुळस काही तुझ्या खोलीत वाचत बसलेली नाही. माणसासाठी दिवा छताला लावतात, झाडासाठी झाडाच्या डोक्यावर. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. तुझ्या पंख्याच्या हुकापासून कुंडीपर्यंत येईतो तो दिवा नावालाच उरला असेल. शेंड्यापासून वीतभर वर आण. हाताचा पालथा पंजा शेंड्यापाशी धर. चटका वाटला तर थोडा वर घे.

तिसरं, जांभळा परत कर. त्यात झाड जगतं, खोटं नाही, पण त्या रंगात पान हिरवं की पिवळं हेच तुला दिसणार नाही, आणि आजाऱ्याचा चेहराच दिसत नसेल तर वैद्य काय करणार? साधी पांढरी एलईडी ट्यूब घे, वीस वॅटची. खोक्यावर साडेसहा हजार केल्विन लिहिलेलं बघ, म्हणजे भर दुपारच्या उजेडाचा रंग. पिवळसर, दिवाणखान्यातली नको. आणि आजूबाजूला काहीतरी पांढरं किंवा चकचकीत उभं कर, म्हणजे बाजूला सांडणारा उजेड परत पानांवर येईल.

आणि आता खरी गोष्ट. माती बघ. बोट खुपस. ओली लागली तर मला कळव, पण मला उत्तर आत्ताच माहीत आहे. बिल्डिंगीत घरं किती आणि रोज सकाळी तांबे किती? ऊन होतं तोवर ते पाणी सुकत होतं. सावली आली तरी तांबे तेवढेच राहिले. ताई, तुझी तुळस पुण्यात बुडाली आहे. मातीतून काढ, काळी पडलेली मुळं काप, कोरड्या मातीत वाळू मिसळून लाव, आणि चार दिवस तिच्याकडे पाण्याशिवाय बघायला शीक.

वर्षाला आशीर्वाद. तिचा भाऊ शहाणा असेल तर थांबेल.

कृपा आहेच, ती ओरडून न सांगता कळते.

तुझा
जयंत

*

लिंबायत
३१ जुलै २०२५

चि. जयंतास अनेक आशीर्वाद.

बोट खुपसलं. चिखल. कुंडी उलटी केली तेव्हा असा वास आला की वर्षाने नाकाला पदर लावला, आणि मग ती मटकन खाली बसून हसायला लागली. फेब्रुवारीनंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. कारण तिच्याही लक्षात आलं होतं. चार महिन्यांत तिने घातला तो एक तांब्या. बाकीचे सगळे सवाष्णींचे. मी तडक खाली निघाले होते, हे सगळ्यांना सांगायला. वर्षाने माझा हात धरला. म्हणाली, बाई, आज नको, त्यांना वाटेल तुळस मारल्याचा आळ आता आपण त्यांच्यावर टाकतोय. मी म्हटलं, टाकायचाच आहे. ती म्हणाली, मग तुम्ही टाका, पण मला त्यांच्यातच राहायचंय. मी परत बसले. मला गप्प बसवणारी माणसं या जगात फार थोडी आहेत, त्यात ही एक आता धर.

गच्चीचं विचारलंस. गच्चीला कुलूप आहे. किल्ली चेअरमन प्रवीणभाईंकडे. नुकतंच गळतीचं काम केलंय, कुंडी ठेवायची नाही, असा नियम. मी त्यांच्याकडे गेले तर त्यांनीच उलट, फार अदबीने, दाराशी उभं राहून विचारलं की बेन, तुमच्या खिडकीत रात्री जांभळा उजेड असतो, घरी काही सुरू केलंय का. मला आधी कळेना. मग कळलं. दारूबंदीच्या राज्यात सत्तर वर्षांच्या निवृत्त मास्तरणीने जांभळा दिवा लावला की लोकांना काय वाटतं ते. गल्लीत शिरणाऱ्या रिक्षा माझ्या खिडकीखाली हळू होत होत्या म्हणे. मी त्यांना आत बोलावून तुळस दाखवली. बिचारे इतके शरमले की चहा न घेता गेले. किल्ली मात्र दिली नाही.

तर जांभळा परत केला आणि तुझी वीस वॅटची ट्यूब आणली. दोन दोऱ्यांनी वीतभर उंचीवर बांधली. चकचकीत काय लावावं असा विचार करत होते, तर वर्षाने साड्यांच्या खोक्यांचे चंदेरी पुठ्ठे आणले आणि कुंडीच्या तिन्ही बाजूंना उभे केले. आता माझ्या स्वयंपाकघराचा कोपरा एखाद्या दागिन्यांच्या दुकानासारखा दिसतो. त्या उजेडात वर्षा आपली साडीची चौकट घेऊन बसते. तिच्या खोलीतला बल्ब मंद आहे, इथे खडे नीट दिसतात म्हणते. कारण खरं आहे की नाही ते मी विचारलेलं नाही.

आणि आता ऐक, मी काय केलं. बायका तुळस बघायला आल्या होत्या. एकीने कुजबुजत म्हटलं की विजेच्या दिव्यावर कुठे तुळस जगते. मला चढलं. मी म्हटलं, हा दिवा आजपासून द्वादशीपर्यंत एक क्षण विझणार नाही. दिवस नाही, रात्र नाही. बघा मग जगते की नाही. सरलाबाईंनी ट्यूबला हात जोडले आणि म्हणाल्या, माय वं, नंदादीपच लावला बाईंनी. आता रोज संध्याकाळी येतात, ट्यूबकडे बघून कपाळाला हात लावतात आणि वर्षाकडे न बघता जातात. मी आयुष्यात नवस केला नाही आणि माझ्या घरात नंदादीप तेवतोय. हसू नकोस.

चार नवी पानं फुटली आहेत. पण लहान आहेत, कडा आत वळल्यात, रंगही फिका. उजेड कमी पडत असावा. आणखी एक ट्यूब आणू का? लवकर कळव.

माया राहू दे, ती दूरच्या दिव्यासारखी चौथाई होऊ देऊ नकोस.

सुनंदाताई

*

अमळनेर
५ ऑगस्ट २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

आणखी ट्यूब आणू नकोस. आहे ती विझव. आज रात्री विझव.

चूक माझीही आहे. अंतर लिहिलं, रंग लिहिला, माती लिहिली, आणि रात्र लिहायची राहिली. मला वाटलं ती सांगावी लागत नाही. मला काय माहीत की माझी बहीण, जिने शाळेत हळदीकुंकू बंद करायला लावलं होतं, ती नंदादीप लावून बसेल.

झाडालाही रात्र लागते. दिवसभर उजेड खाऊन जे साठवलं ते अंधारात वाटून घ्यायचं असतं. तुझ्या तुळशीला तू जेवायला बसवलंस आणि उठूच दिलं नाहीस. कडा वळणं, फिकेपण, लहान पान, ही त्याचीच लक्षणं. सकाळी सहाला लाव, रात्री आठला विझव. चौदा तास पुष्कळ झाले.

तू जाहीर बोलून बसली आहेस हे मला समजतं. तुझा शब्द आणि तुळस यांतलं एकच वाचणार आहे. कोणतं, ते तू ठरव. मी तुला ओळखतो म्हणून भीती वाटते.

गौरी म्हणते, ताईंना इतकं कडक लिहू नका. मी म्हटलं, तिला मऊ लिहिलं की ती भाषण लिहून पाठवते.

तुझा
जयंत

*

लिंबायत
४ सप्टेंबर २०२५

चि. जयंतास अनेक आशीर्वाद.

उशीर झाला. लिहायला हात धजत नव्हता.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं आणि पोळपाटाखाली ठेवलं. दिवा विझवला नाही. त्याही रात्री नाही आणि दुसऱ्याही नाही. चाळीस वर्षं मी मोर्च्यांपुढे, सभांपुढे बोलले, दिलेला शब्द मागे घेतला नाही. आणि आता कशासाठी, तर ट्यूबलाईटच्या बटणासाठी? तिसऱ्या दिवशी सकाळी शेंडा काळा पडलेला दिसला. वर्षाने पाहिला. नुसती चौकट उचलून आपल्या खोलीत गेली. जयंता, तिने मला बोल लावला असता तर मी उत्तर दिलं असतं.

संध्याकाळी मी सगळ्या बायकांना वर बोलावलं. म्हटलं, मी चुकले. दिवा अखंड ठेवीन म्हणाले ते अज्ञान होतं. तुळशीला रात्र हवी आणि मी तिला ती दिली नाही, म्हणून शेंडा जळला. वर्षाच्या बाबतीत मी बोलले त्यातला शब्दही मागे घेत नाही, पण दिव्याचा शब्द मागे घेते.

मला वाटलं होतं, हसतील. कुणी हसलं नाही, त्यापेक्षा वाईट झालं. सरलाबाई पांढऱ्याफटक पडल्या. नंदादीप लावून विझवायचा, हे पाप कुणाच्या माथी? मी पुढे झाले तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, बाई, तुम्ही नको, तुमच्या पोराबाळांवर येईल. मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाल्या की वर्षाला सांगा. तिचं आता काय जायचं राहिलंय.

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते ते तुला लिहायची गरज नाही, आणि ते कागदावर चांगलंही दिसणार नाही. शुभाला जिचा हात चालत नाही, अशुभाला मात्र तिचाच हात लागतो. पण वर्षा दाराशी उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. ती आत आली, माझ्यापुढून गेली आणि बटण दाबलं. खोलीत अंधार झाला. अंधारातच सरलाबाईंना म्हणाली की काकू, झोपू द्या तिला, दमलीये. आणि सकाळी सहाला येऊन तिनेच दिवा लावला.

तेव्हापासून रोज तीच लावते आणि तीच विझवते. त्या तुळशीचा दिवस वर्षा उगववते आणि वर्षाच मावळवते. मी नुसती भाडेकरू आहे.

काळा शेंडा कापला. त्याखाली दोन फुटवे आले आहेत, रुंद आणि गर्द. पाणी बोट खुपसून, माती कोरडी लागली तरच. गणपतीत सरलाबाई दूर्वा मागायचं निमित्त करून आल्या, कुंडीपाशी वाकल्या, पान चुरगाळून वास घेतला. आणि जाताना वर्षाकडे बघून गेल्या.

तू द्वादशीला येशील का? ही तुळस तुझ्या पत्रांवर वाढली आहे. बघायला ये.

सुनंदाताई

*

अमळनेर
२९ सप्टेंबर २०२५

ती. सुनंदावन्संना गौरीचा सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र मी ह्यांना न दाखवता टाकते आहे, तेव्हा उत्तरात माझं नाव नको.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते देणार नाहीत म्हणून मी देते. ते येणार नाहीत म्हणतात. गेल्या उन्हाळ्यापासून ते कुठेच जात नाहीत. पराग म्हणतो बाबा आळशी झालेत. आळस नाही तो. चोपड्याला एका लग्नात जेवताना कुणी काहीतरी विचारलं, ह्यांनी भलतंच उत्तर दिलं, आणि सगळी पंगत हसली. हेही हसले. घरी आल्यावर यंत्र डबीत ठेवलं ते ठेवलंच. आता दारावरची बेल वाजली की आतल्या खोलीत जातात. सगळ्यांना मी सांगते की झोपलेत. तुमच्या पत्रांसाठी मात्र पोस्टमनची वाट बघत फाटकाशी उभे असतात.

आणि एक गंमत. मोरीशेजारच्या अंधाऱ्या बोळात ह्यांनीही ट्यूब टांगून एक तुळस ठेवली आहे. ताईला खोटं सांगायला नको, आधी स्वतः करून बघतो म्हणाले. आमच्या अंगणात भरपूर ऊन आहे, वन्सं. शेजारणीला वाटतं ह्यांना भ्रम झालाय. मी म्हटलं, होऊ दे, निदान सकाळी सहाला उठतात.

तुम्ही बोलावलंत तर येतील असं नाही. तुम्ही भांडलात तर कदाचित येतील.

तुमच्या मायेची सवय आहे, ती मोडू नका.

सौ. गौरी

*

अमळनेर
९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

मंजिऱ्या धरू लागल्या असतील. अर्ध्या खुडून टाक, म्हणजे झाड फांद्यांकडे वळेल. लग्नात नवरी भरलेली दिसली पाहिजे. खाली नेण्याआधी रोज तासभर चौकातल्या उजेडात ठेव. घरात वाढलेल्याला वारा सोसायची सवय नसते.

येणं जमणार नाही. गुडघा दुखतो. शिवाय तुळशीच्या लग्नात उसालाच मामा मानतात. तो माझ्यापेक्षा उंच असतो, गोडही असतो, आणि ऐकू न आल्याबद्दल त्याला कुणी हसत नाही. वर्षाला माझे आशीर्वाद सांग.

तुझा
जयंत

*

लिंबायत
भाऊबीज, २३ ऑक्टोबर २०२५

चि. जयंतास, आज पाटावर नसलेल्या भावास, अनेक आशीर्वाद.

तुळस माझ्या कमरेला लागते आहे. मंजिऱ्या खुडल्या. रोज चौकात नेऊन वारा दाखवते. पहिल्या दिवशी खाली नेली तेव्हा लोटूभाऊ रिक्षा पुसत होते. ते फडकं खांद्यावर टाकून उभेच राहिले. मी त्या दिवशी भाषण केलं नाही. गरज नव्हती. ज्यांनी मेली म्हटलं त्यांच्यासमोर ती उभी होती.

परवा बैठक झाली. नवी तुळस आणायची नाही, हीच लावायची, असं एकमताने ठरलं. मी टाळ्या वाजवणार तोच पुढचं आलं. कुंडी प्रवीणभाई आणि त्यांची पत्नी जोडीने खाली आणतील, लग्नही तेच लावतील, आणि वर्षाने लग्न लागेपर्यंत वर थांबावं. मग प्रसादाला यावं. सरलाबाई मला समजावत म्हणाल्या की एवढं मानलं, आता तुम्हीही थोडं माना. थोडं. आईलाही भांडारघरात लाडू पाठवले होतेच की. थोडं होतं ते.

मी वर्षाला विचारलं, तुझं काय म्हणणं. ती खडे लावत होती. म्हणाली, बाई, मी वर थांबले तर वाल्मिकबरोबर जाईन. एकदा थांबले की मग पुढे कायम थांबतच राहीन. तिचा भाऊ लग्नाच्याच रविवारी दुपारी येतोय, बॅगा घेऊन. तेव्हा तिने ठरवलंय की कुंडी तीच उचलणार. दोन जिने उतरून चौकात आणणार. जिने वाढवली तिनेच सासरी पाठवायची, हे आपल्यात आधीपासून आहे, मी नवीन काही आणलेलं नाही. भटजींना मी विचारून आले. ते म्हणाले, मुलीकडचं कोणी मागे उभं असेल तर मला अडचण नाही, मामा तरी हवा. सख्खा मामा वाल्मिक, पण तो तिला न्यायला येतोय, मागे उभा राहायला नाही, आणि बिल्डिंगीतला एकही पुरुष तयार नाही. लोटूभाऊ तयार होते, सरलाबाईंनी नुसतं पाहिलं आणि ते रिक्षा घेऊन गेले.

तू लिहिलंस की ऊस असतोच मामा. असतो, जयंता. ज्या घरात माणूस उभा राहत नाही तिथे ऊस उभा करतात. तुला तिथे काहीही ऐकावं लागणार नाही. मंगलाष्टकं आजवर कुणाला नीट ऐकू आलीत? लोक बोलतील ते तर ऐकू न आलेलंच बरं. त्या दिवशी त्या चौकात बहिरा असणं हे भाग्य आहे. हसले तर हसू देत. मी याच बायकांसमोर चुकले म्हणाले, आणि मेले नाही. तू मोरीच्या बोळात भर उन्हाच्या गावी ट्यूब लावून बसला आहेस, हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. पण तुळशीला उजेडात काढायचं पत्र लिहिणाऱ्याने स्वतः बोळात राहू नये. झाडाला रात्र लागते हे तूच शिकवलंस. पण रात्रीनंतर सकाळी कुणीतरी बटण दाबावं लागतं. तुझं मी दाबते आहे.

आईच्या वेळी आपण दोघंही गप्प बसलो. मी मान खाली घालून, तू लाडू खात. त्याची भरपाई होत नसते. पण आज भाऊबीज आहे, मी तुझ्या नावाचा दिवा ओवाळून ठेवला आहे आणि माझी ओवाळणी बाकी आहे. साडी नको, पैसे नकोत.

२ नोव्हेंबरला, रविवारी, सकाळच्या गाडीने गौरीला घेऊन उधन्याला उतर. यंत्र कानात घाल किंवा डबीत ठेव, मला फरक पडत नाही. आणि संध्याकाळी वर्षा कुंडी घेऊन जिना उतरेल तेव्हा तिच्या मागे उभा राहा.

तुझी ताई
सुनंदा